चिठ्ठीवर सही डॉक्टरची, हुकूम कुणाचा?

राखीव जागेवर शिकलेला डॉक्टर पेशंट मारील, अशी बोंब ठोकणाऱ्यांनो, तुमच्या मेरिटवाल्यांच्या चिठ्ठ्या काढा बाहेर! मी रत्नागिरीतल्या आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचतो. साधा ताप, पॅरासिटामॉल पुरे. चिठ्ठीवर काय? ब्रँडची महाग गोळी, अँटिबायोटिक, ताकदीच्या गोळ्या, टॉनिकची बाटली, वर सुई. आंब्याच्या बागेत राबून आणलेली हजेरी मेडिकलच्या काउंटरवर खलास.

हे लिहवतं कोण? फेब्रुवारी २०२२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा. झिंकोव्हिट विकणाऱ्या अपेक्स लॅबोरेटरीजनं डॉक्टरांना सोन्याची नाणी, टीव्ही, फ्रीज, लॅपटॉप वाटले. आणि तो पावणेपाच कोटींच्या घरातला खर्च इन्कमटॅक्समधून वजा मागितला! कोर्ट म्हणालं, मिळणार नाय. भेटींचा खर्च शेवटी औषधाच्या किमतीतच चढतो. म्हंजे डॉक्टरच्या घरचा फ्रीज आमच्या खोकल्यावर चालतो.

बॅगवाला पोरगा आपला दुश्मन नाय. त्याच्या मानेवर टार्गेट. ह्या भेटींविरुद्ध त्यांचीच संघटना सुप्रीम कोर्टात गेली. दुश्मन आहे तो टार्गेट ठरवणारा, आणि नाणं खिशात घालणारा.

काय लिहावं हे माहीत नाही म्हणता? १९७५ साली हाथी समितीनं सांगितलं, ब्रँडची नावं टप्प्याटप्प्यानं हटवा. १९७७ ला जागतिक आरोग्य संघटनेनं अत्यावश्यक औषधांची यादी काढली. भारताची १९९६ ला आली. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नियम केला, औषध मूळ नावानं लिहा. डॉक्टरांच्या संघटना उठल्या, कंपन्या कुरकुरल्या, त्याच महिन्यात नियम गुंडाळला. कारण काय, तर स्वस्त औषधाच्या दर्जाची खात्री नाय.

दर्जाचा प्रश्न खोटा नाय. १९८६ ला मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलात भेसळीच्या ग्लिसरीननं चौदा पेशंट मेले, लेन्टिन आयोग बसला. पण त्यावर इलाज तपासणी, प्रयोगशाळा, सजा. ब्रँडचं लेबल नव्हे! लेबलाला दर्जा म्हणणं म्हणजे जानव्याला अक्कल म्हणणं.

शेजारच्या महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरलं. रक्तदाबाची साधी गोळी. कोकणात लाल विंचवानं मरणारी माणसं जगू लागली. ह्या इलाजाबरोबर कुणी सोन्याचं नाणं दिलं नव्हतं. पेशंटच्या उशाशी बसून तो सापडला.

पण आमच्या उशाशी बसतो कोण? आमचा माणूस समोर आला की डॉक्टर मनात ठरवतो, ह्याला समजावून काय फायदा, सुई मार, सलाईन लाव. वर म्हणतो, 'ह्यांनाच सुई लागते.' समजावायला दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांची आमची लायकी नाय, हे त्याला कॉलेजात नाही, घरात शिकवलेलं असतं. कंपनीचं आमिष आणि जातीची तुच्छता, दोघी मिळून चिठ्ठी लिहितात.

आणि जिल्ह्याची थट्टा बघा. लोट्याच्या एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनतो. कारखान्यांचं सांडपाणी दाभोळच्या खाडीला, गोळी दुकानात, किंमत आमच्या माथी.

मार्च २०२४ मध्ये सरकारनं कंपन्यांसाठी आचारसंहिता काढली. दात नसलेली. आम्हाला कायदा पाहिजे. भेट दिली तर सजा, घेतली तर सजा. सरकारी दवाखान्यात यादीतली औषधं फुकट आणि रोज हजर.

दोस्तांनो, तोवर बसून राहू नका. अत्यावश्यक औषधांची यादी मिळवा, वाडीत मोठ्यानं वाचा. म्हाताऱ्यांबरोबर दवाखान्यात जा. डॉक्टरच्या डोळ्याला डोळा देऊन विचारा: ह्या गोळीचं मूळ नाव काय? ही नाय घेतली तर काय होईल? स्वस्तातली का नाय लिहिली? एकटा विचारील तर हाकलतील. पन्नास जण विचारतील तर उत्तर द्यावंच लागेल.

जय भीम!