रांजण कोण भरतं?

वर्षभर एकच उत्तर ऐकून कान किटले आहेत. मिरवणुकीत आवाजाच्या भिंती कशाला? परंपरा आहे. कर्ज काढून हळदीला डीजे कशाला? परंपरा आहे. नवरा गेलेल्या बाईला सख्ख्या भाच्याच्या लग्नात मागच्या रांगेत का बसवलं? परंपरा आहे. इथे बोलणं संपतं. त्यापुढे कुणी विचारलंच, तर मूळ प्रश्न बाजूला राहतो आणि विचारणाऱ्याची जात, धर्म, पक्ष यांची चौकशी सुरू होते.

एरवी दिवाळी अंकाच्या या पानावर सरत्या वर्षाचा आढावा असतो. यंदा तो थोडक्यात उरकतो. 2025च्या फेब्रुवारीत दिल्लीला 98वं मराठी साहित्य संमेलन झालं आणि लोकपरंपरेत बाईचा स्वतःचा आवाज शोधण्यात आयुष्य घातलेल्या डॉ. तारा भवाळकर अध्यक्षस्थानी बसल्या, याचा आनंद आहे. जुलैत शिवरायांचे 12 किल्ले जागतिक वारशात गेले, त्याच महिन्यात राज्य सरकारने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सव म्हणून जाहीर केलं. सप्टेंबरात मराठवाड्यावर पाऊस कोसळला. वर्षानुवर्षं टँकरची वाट पाहणाऱ्या गावांतली जमीन पिकासकट वाहून गेली, जायकवाडीच्या नाथसागराचे दरवाजे उघडावे लागले, पैठणला गोदाकाठच्या माणसांना घरं सोडावी लागली. हा अंक ज्यांच्या घरी दरवर्षी जातो, त्यांतल्या अनेकांची दिवाळी यंदा नुसती पंचांगातच आहे. त्यांना शुभेच्छा देताना शब्द अडखळतात, तरी देतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. परंपरेचं मला वावडं नाही. घरात माणूस जातं तेव्हा हातांनी काय करायचं हे कुणालाच सुचत नाही. त्या वेळी कुणीतरी पुढे होऊन सांगतं: हे आणा, ते ठेवा, आता उठा. घरात चूल पेटत नाही, पण शेजारून पिठलं-भाकरी येते. कोणी बोलावलेलं नसतं आणि कोणी आभारही मानत नाही. दुःखाने डोकं बंद पडलेल्या माणसाला आधी जगून गेलेल्या शेकडो माणसांचं शहाणपण असं हाताला धरून चालवतं. हे काम कायद्याला जमत नाही, बाजारालाही जमत नाही. माणसाला परंपरा लागते ती यासाठी. एरवी प्रत्येकाला प्रत्येक दुःख नव्याने शिकावं लागलं असतं.

म्हणूनच तिच्या नावावर काहीही खपवलं जातं तेव्हा चीड येते. राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून छत्रपती संभाजीनगरची, आपल्या शहराची, विसर्जन मिरवणूक निघते. त्या वाटेवर एकेकाळी लेझीम होतं, हलगी होती, सनई होती. हलगी वाजवणारी घरं पिढ्यान् पिढ्या ती कला जपत आली. चामडं कसं तापवायचं, ओल्या हवेत आवाज बसला तर काय करायचं, कोणत्या चालीला माणसाचा पाय आपोआप उचलला जातो, हे ज्ञान त्यांच्या बोटांत आहे. आज ती माणसं घरी बसली आहेत आणि त्यांच्या जागी भाड्याने आणलेली स्पीकरची भिंत उभी आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे. त्या भिंतीसमोर हा आकडा वाचायलाही लाज वाटते. लेसरच्या झोताने डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या राज्यभरातून आल्या. आणि तरी ठणकावून सांगितलं जातं की ही आमची परंपरा! ज्यांनी परंपरा खरोखर सांभाळली त्यांचा रोजगार काढून घ्यायचा आणि जिला वीस-पंचवीस वर्षांपलीकडचं मूळ नाही त्या भिंतीला वारसा म्हणायचं, हा अन्याय आहे. दोष फक्त मंडळांच्या पोरांचा नाही. वर्गणी तुम्ही-आम्ही देतो.

परंपरा म्हणजे काय हे शिकायला आपल्याला लांब जायचं नाही. पैठण पन्नासेक किलोमीटरवर आहे.

शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ग्रंथ 1290चा. मधल्या तीनशे वर्षांत तो हातोहात उतरवला गेला होता, प्रत्येक हाताने काही गाळलं होतं, काही घातलं होतं. भक्तीने घातलं होतं, हे विसरू नये. पोथीवर ज्यांचं प्रेम होतं त्यांनीच ती नकळत बिघडवली. नाथांनी काय केलं? जुनं आहे म्हणून नुसता नमस्कार करून ते थांबले नाहीत. निरनिराळ्या प्रती समोर घेतल्या, पाठ ताडून पाहिले, मागाहून चिकटलेलं काढून टाकलं, आणि यापुढे कुणी पदरची ओवी यात घुसवू नये असं शेवटी बजावून ठेवलं. इतक्या आदराने इतकी काटछाट दुसऱ्या कुणी केल्याचं मला ठाऊक नाही. आज आपण जी ज्ञानेश्वरी वाचतो तिच्यावर नाथांच्या या मेहनतीचा हात आहे.

याच नाथांच्या भागवतावर काशीच्या पंडितांचा राग झाला होता. संस्कृतातलं ज्ञान प्राकृतात आणणं हा त्यांच्या लेखी परंपरेचा भंग होता. तो ग्रंथ 1573 मध्ये काशीतच पुरा झाला आणि आता त्याचीच पारायणं होतात. श्राद्धाच्या दिवशी ब्राह्मणांसाठी शिजलेलं अन्न दारात आलेल्या भुकेल्या अस्पृश्यांना वाढल्याची कथा तर पैठणच्या लेकरांनाही पाठ आहे. गावाने बहिष्कार टाकला, तेव्हा पितर स्वतः जेवायला आले असं लोक सांगतात. ही कथा इतिहास म्हणून कितपत टिकेल यावर अभ्यासकांनी बोलावं. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की, साडेचारशे वर्षं लोकांनी ही गोष्ट सांगत ठेवली. बहिष्कार टाकणाऱ्यांची बाजू कुणी कीर्तनात गात नाही. भारुडात नाथ स्वतः महार झाले, जोशी झाले, वासुदेव झाले, आणि ज्यांना देवळाच्या पायरीपाशी थांबवलं जात होतं त्यांच्या तोंडून त्यांनी गावाला शहाणपण ऐकवलं. परंपरेच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी हा माणूस एकदा नीट वाचावा.

नाथषष्ठीला पैठणला गेलेल्यांना नाथांच्या वाड्यातला रांजण ठाऊक आहे. श्रीखंड्याच्या रूपाने देवाने नाथांघरी पाणी भरलं अशी श्रद्धा आहे. तुकाराम बीजेपासून तो रांजण भरायला सुरुवात होते. तिथे उभं राहून हात जोडणं पुरेसं नसतं. पाणी आणून ओतावं लागतं, खांदा भिजतो, मागे रांग असते, आपली घागर ओतून बाजूला व्हावं लागतं. माझ्या मते परंपरेची परीक्षा इथेच होते: तिच्यासाठी कोण काय वाहून आणतो? जो काही वाहत नाही आणि नुसता हक्क सांगतो, त्याच्याशी तिचं नातं नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर नहरीबद्दलही बोलतो. खडकी म्हणून हे शहर वसवणाऱ्या मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी उत्तरेकडच्या डोंगरांतलं पाणी जमिनीखालून इथे आणलं. वीज नाही, पंप नाही. उताराचा आणि दाबाचा चोख हिशेब, आणि मधे मधे बंबे, म्हणजे पाण्याचे मनोरे. पाणचक्कीची नहर नंतरची, पण विद्या तीच. नहर शतकानुशतकं वाहिली याचं श्रेय बांधणाऱ्याइतकंच ती साफ ठेवणाऱ्यांना आहे. गाळ उपसणारे, झाडांची मुळं तोडणारे, फुटलेला खापरी नळ बदलणारे हात होते म्हणून पाणी येत होतं. त्यांची नावं कुठल्या शिलालेखात नाहीत. ते हात थांबले. आपण नहरीवर घरं बांधली, बंबे पाडले, आणि 2020 साली 1,680 कोटींच्या नव्या पाणीयोजनेचं भूमिपूजन झालं, तरी 2025 मध्येही शहराच्या कित्येक भागांत नळाला पाणी काही दिवसांआडच येत होतं. नहर आज सगळ्या शहराची तहान भागवेल असा माझा दावा नाही. पण शहराच्या नावावरून, थडग्यांवरून, कमानींवरून या वर्षी जेवढा घसा कोरडा केला त्याच्या दहाव्या हिश्शाने तरी एक बंबा साफ करायला हवा होता.

नवी परंपरा कशी जन्मते, तेही या शहराने पाहिलं आहे. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरं जळाली. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. तेव्हापासून दर वर्षी त्याच दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर माणसं येतात, कमानीला वंदन करतात, पुस्तकं घेऊन घरी जातात. कुठल्या पोथीत याची आज्ञा नाही, मुहूर्त नाही, पुरोहित नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनी स्वतःच्या पायांनी ही वाट पाडली. काहींना ही परंपरा वाटत नाही, कारण ती पुरेशी जुनी नाही. त्यांना विचारतो: दिवाळी अंक किती जुना आहे? काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक 1909 मध्ये काढला, तोही इंग्रजी मासिकांच्या नाताळ अंकांवरून सुचून. आज फराळाच्या ताटाशेजारी अंक नसेल तर मराठी घराला चुकल्यासारखं होतं. वयाने परंपरेला मान मिळत नाही.

बाबासाहेबांनी इथल्या महाविद्यालयाला मिलिंदाचं नाव दिलं यातही मला एक परंपरा दिसते. मिलिंद हा ग्रीक राजा. भिक्खू नागसेनाला तो प्रश्न विचारत गेला, आणि उत्तर पटलं तेव्हा राजा असूनही त्याने ते मान्य केलं. प्रश्न विचारणं हीसुद्धा या मातीत चालत आलेली गोष्ट आहे, आणि ती पुष्कळ रूढींपेक्षा जुनी आहे.

यंदाचा विशेष विभाग आम्ही घराघरांतल्या रिवाजांवर केला आहे. फराळ, औक्षण, वसुबारस, पाडवा, सगळं त्यात आहे. छान, ऊबदार लेख आहेत. पण त्यांच्या सोबत एक गोष्ट माझ्याकडून. 4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद करण्याचा ठराव केला. पुढे सरकारने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. एका खेड्याने भर सभेत जे ठरवलं, ते ठरवायला शहरातल्या शिकलेल्या घरांना कुणी अडवलं आहे? भाऊबीजेला ओवाळायला नवरा गेलेली ताई पुढे येते आणि कुणीतरी हळूच तिच्या हातातलं तबक काढून दुसरीकडे देतं. हे मी पाहिलं आहे, तुम्हीही पाहिलं आहे. तिचा भाऊ पाटावर बसलेला असतो आणि काही बोलत नाही. यंदा त्या भावाने बोलावं. ताई ओवाळेपर्यंत त्याने पाटावरून उठू नये.

आणि मंडळांसाठी: पुढच्या गणेशोत्सवाच्या बैठका पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होतील. मी माझ्या वस्तीतल्या बैठकीला जाणार आहे आणि हिशेब मागणार आहे. भिंतीला किती दिले, हलगीवाल्याला किती, लेझमाच्या पोरींना किती? वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला हे विचारायचा हक्क आहे. पावती फाडली जाण्याआधी विचारा, आणि उत्तर आकड्यांत मागा.