भूमीचे दप्तर

रस्त्यावर डांबर पडले की त्याखालची जमीन नाहीशी झाली, अशी आमच्याकडील नगरव्यवस्थेची एक दृढ समजूत आहे. खड्डा दिसला तर तो बुजवावयाचा, दुर्गंधी आली तर तिच्यावर भराव टाकावयाचा, आणि भरावात काय होते असे कोणी विचारलेच तर ठेकेदाराकडे बोट दाखवावयाचे, हा शिरस्ता सर्वत्र रूढ आहे. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतचा रायगडचा किनारा आज ज्या वेगाने रस्ते, गोदामे व वसाहती यांनी व्यापला जात आहे, तो वेग पाहता या समजुतीची परीक्षा करण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते. आमचे प्रतिपाद्य थोडक्यात इतकेच की, दूषित भूमी झाकल्याने शुद्ध होत नाही. आणि जिच्या पोटात काय घातले हे कोणी लिहून ठेवलेले नाही, ती भूमी पुढे शुद्ध करू म्हटले तरी करता येत नाही.

दूषणाचे प्रकार अनेक आहेत. पण सर्वांत कपटी प्रकार किरणोत्साराचा. त्यास रंग नाही, वास नाही, चव नाही. यंत्र लावले तरच तो कळतो, आणि यंत्र कोठे लावावे हे ठाऊक असेल तरच ते लावले जाते. हा विषय दूरदेशीचा आहे असे म्हणणारांस आम्ही खोपोलीचे स्मरण करून देतो. ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्समधील लिफ्टच्या बटनांत कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी द्रव्य आढळले. बटने जोडणाऱ्या कारखान्यातील सुमारे वीस कामगारांस त्याची बाधा पोचली होती. बटनांतील पोलादाचा माग काढीत गेल्यावर तो रायगड जिल्ह्यातील खोपोलीच्या एका ओतशाळेपाशी येऊन थांबला. भंगारातून आलेले कोबाल्ट भट्टीत वितळून पोलादाशी एकजीव झाले होते. पुढे दीड वर्षाने, एप्रिल २०१० मध्ये, दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात असेच कोबाल्ट फुटले. दिल्ली विद्यापीठाने वर्षानुवर्षे पडून राहिलेले एक उपकरण लिलावात विकले होते. त्याच्या पोटात काय आहे याची आठवण विकणारांस राहिली नव्हती. त्या विस्मृतीची किंमत एका मनुष्याने प्राण देऊन चुकविली, व इतर कित्येकांस रुग्णालयात जावे लागले.

येथे शास्त्राची एक गोष्ट वाचकांनी ध्यानी घ्यावी. भंगारासोबत किरणोत्सारी तुकडा भट्टीत गेला, तर तो कोठे जाऊन बसेल हे त्याच्या जातीवर अवलंबून असते. कोबाल्ट पोलादात उतरते. सीझियम धुराबरोबर निघून धुळीत जमते. १९९८ साली स्पेनमधील एका पोलाद कारखान्यात हेच घडले. रेडियम, थोरियम यांसारखी द्रव्ये मळीत, म्हणजे कारखान्यात जिला स्लॅग म्हणतात तिच्यात, जातात. पोलाद परदेशी जाते, तेथे कोणीतरी त्यास यंत्र लावतो. धूळ आणि मळी मात्र आपल्याच जिल्ह्यात राहतात, आणि बहुधा कोणत्या तरी भरावाखाली किंवा रस्त्याखाली जातात.

अशा रस्त्यांचे पुढे काय होते हे पाहावयाचे असेल, तर अमेरिकेतील दोन शहरांकडे पाहावे. डेन्व्हर शहरात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रेडियम काढण्याचे कारखाने होते. उरलेला चोथा तेथील काही रस्त्यांच्या डांबरीकरणात वापरला गेला. कारखाने बुडाले, माणसे गेली, शहर विसरले. १९७९ साली सरकारी अधिकाऱ्यांच्या दृष्टीस १९१६ सालच्या एका जुन्या अहवालातील उल्लेख पडला, आणि तेव्हा कोठे शोध सुरू झाला. त्रेसष्ट वर्षे लोक त्या रस्त्यांवरून चालत होते, व त्यांस सावध करणारे जे काही होते ते कपाटातील एक छापील पान! शोधानंतरही प्रथम असे ठरले की, डांबराखाली आहे तर तेथेच राहू द्यावे. परंतु शहराचा रस्ता म्हणजे काही समाधी नव्हे. आज नळासाठी, उद्या गटारासाठी, परवा विजेच्या तारेसाठी तो उकरावा लागतोच. अखेरीस चालू शतकाच्या पहिल्या दशकात ते रस्ते खणून माती दूर न्यावी लागली.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील. कोकणातील लग्नमंडपांत ज्या पेट्रोमॅक्स बत्त्या लागत, त्यांच्या जाळीत थोरियम असे. ते ज्या मोनाझाइट वाळूत सापडते, ती वाळू शुद्ध करणारा एक कारखाना तेथे १९२० ते १९५४ पर्यंत चालला. १९४७ पर्यंत त्याचा थोरियमयुक्त गाळ सरळ गटारात सोडला जात असे. कारखाना बंद पडल्यावर त्या जागी दुकाने थाटली, पदपथ झाले. या शतकात मोजणी झाल्यावर पदपथाखाली व दुकानांच्या जमिनीखाली शिसे, पोलाद आणि काँक्रीट यांचे थर घालून तात्पुरता आडोसा केला गेला. पण २०१७ साली ठरलेली योजना मात्र इमारती पाडण्याची, रस्त्याखालची माती काढून नेण्याची व गटारे साफ करण्याची होती. खर्चाचा अंदाज सुमारे चार कोटी डॉलर! नफा घेणारे केव्हाच निघून गेले होते. देणे मात्र जनतेच्या माथी राहिले.

आता आपल्या दाराशी येऊ. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई-गोवा महामार्गाचा एक किलोमीटर लांबीचा तुकडा याच रायगड जिल्ह्यात समारंभपूर्वक खुला झाला. धरमतर खाडीकाठच्या डोलवी येथील पोलाद कारखान्याची सुमारे ऐंशी हजार टन मळी खडीऐवजी त्यात वापरली असून, केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचे मार्गदर्शन त्यास लाभले आहे. या मळीत काही वावगे आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. उलट, डोंगर फोडून खडी काढण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. आमचा प्रश्न निराळाच आहे. आज हे सर्व छापून आले आहे, म्हणून आपणांस ठाऊक आहे. २०२४ मध्ये त्रेसष्ट मिळविले म्हणजे २०८७ साल येते. त्या वर्षी वडखळचा किंवा माणगावचा एखादा अभियंता रस्ता खणावयास उभा राहील, तेव्हा खाली काय आहे हे त्यास कोणत्या वहीत सापडेल? आणि जेथे समारंभ झाला नाही, संशोधन संस्था आली नाही, रात्री ट्रक येऊन रिते झाले, त्या भरावांचे काय?

यावर काही आक्षेप येतील. कोणी म्हणेल, कोबाल्ट आपोआप निवते. सव्वापाच वर्षांत त्याचे बळ निम्मे होते, सतरा-अठरा वर्षांत दहाव्या हिश्शावर येते. मग घाई कसली? खरे आहे, पण रेडियमचे बळ निम्मे होण्यास सोळाशे वर्षे लागतात, आणि थोरियमच्या बाबतीत तर चौदाशे कोटी! खाली कोबाल्ट आहे की थोरियम, हे मोजल्यावाचून आक्षेपकास तरी कसे कळले? दुसरा म्हणेल, अशा नोंदी ठेविल्या तर लोक घाबरतील व जमिनीचे भाव उतरतील. आमच्या मते लोकांस घाबरविते ते अज्ञान. आणि ज्या जमिनीचा भाव सत्य लपविल्यानेच टिकतो, तिचा खरेदीदार फसला आहे, असेच म्हणावे लागेल. अलिबागेस समुद्राचा देखावा पाहून घर घेणारे आमचे सुशिक्षित बांधव दस्त, नकाशा, मुद्रांक, सारे तपासतात. पायाखालच्या भरावाविषयी एक प्रश्न विचारीत नाहीत, याचे आम्हांस नवल वाटते.

तिसरा आक्षेप असा की, इतक्या बारकाईने दीर्घकाळ नोंदी ठेवणे आपल्या समाजास जमणारे नाही. यास उत्तर अलिबागच देते. मुंबईच्या ट्रॅमगाड्या विजेवर धावणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागेस हलविली गेली, आणि १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध तेथे घेतले जात आहेत. ज्या किनाऱ्यावर अदृश्य चुंबकत्वाची शतकाहून अधिक काळ मोजदाद झाली, तेथे ट्रकभर मातीची मोजदाद अशक्य आहे, हे आम्ही कसे मानावे? आमच्या सातबाऱ्यावर मालकाचे नाव येते, पीक येते, बोजा येतो. मग भरावानेच का येऊ नये?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक रस्त्याखाली व भरावात काय घातले, कोठून आणले, केव्हा आणले आणि यंत्राने त्याचे मोजमाप किती आले, याचे दप्तर ग्रामपंचायतीत व नगरपरिषदेत कोणासही पाहता यावे. भंगार वितळविणाऱ्या प्रत्येक ओतशाळेच्या दाराशी व मळीच्या प्रत्येक ढिगापाशी मोजमाप व्हावे. न्हावा-शेवा बंदरातील तपासणी कितीही चोख असली तरी देशातल्या देशात फिरणारे भंगार त्या वाटेने येत नाही. जेथे धोका निघेल तेथे डांबराचा नवा थर न चढविता माती काढावी, आणि तिचा खर्च ज्याने ती टाकली त्याच्याकडून आगाऊ ठेवीच्या रूपाने घेतलेला असावा.

सर्वांत शेवटी, पण महत्त्वाने सर्वांत आधी, कुदळ मारणाऱ्या मजुराचा विचार व्हावा. रस्ता खणण्याची वेळ येते तेव्हा खड्ड्यात आपण उतरत नाही, तो उतरतो. खाली काय आहे हे जाणून घेण्याचा पहिला अधिकार त्याचा आहे, आणि ते त्यास सांगता येण्याजोगे लिहून ठेवणे हे आपणां सुशिक्षितांचे कर्तव्य आहे. ज्यांस लिहिता येते त्यांनीच लिहावयाचे टाळले, तर दोष त्या मातीस कसा द्यावा?