सतरंज्या उचलायच्या की यादी सांभाळायची? अमेरिकेतील प्रचार कार्यालयांचा धडा

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली की शहराशहरांत रिकाम्या पडलेल्या दुकानांत प्रचार कार्यालये उघडतात. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांच्या प्रचाराची अशी साडेतीनशेहून अधिक कार्यालये आणि सुमारे अडीच हजार पगारी कर्मचारी चुरशीच्या राज्यांत होते. त्यांच्या जोडीला घरोघरी फिरणाऱ्या स्वयंसेवकांची मोठी फौज होती. तरीही ५ नोव्हेंबर २०२४ च्या मतदानात पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना आणि नेवाडा ही सातही चुरशीची राज्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी जिंकली. एवढ्या माणसांच्या श्रमाचे नेमके काय झाले, हा प्रश्न तेव्हापासून तिथे विचारला जात आहे.

हा प्रश्न आपलाही आहे, आणि त्याला दोन कारणे आहेत. विदर्भ-मराठवाड्यातून शिकायला गेलेली आपली अनेक मुले-मुली आज तिथे राहतात. नागरिकत्व नसलेल्या माणसालाही बिनपगारी स्वयंसेवक म्हणून प्रचारात काम करता येते. व्हिसावर असलेल्याला देणगी देता येत नाही आणि प्रचाराचे निर्णय घेण्यात भाग घेता येत नाही, एवढी मर्यादा आहे. दुसरे कारण इथले आहे. निवडणूक ग्रामपंचायतीची असो की लोकसभेची, बौद्ध वस्तीतला तरुण कुणाच्या तरी प्रचार कार्यालयात दिसतोच. त्याने दिलेल्या दिवसांचा आणि रात्रींचा हिशेब मात्र आपण क्वचितच मांडतो.

आमचे म्हणणे असे आहे की प्रचारातले काम वाया जात नाही, पण ते कुणाच्या खात्यात जमा होणार हे काम सुरू होण्याआधीच ठरलेले असते. अमेरिकेचा अनुभव त्यासाठीच नीट पाहावा.

कार्यालयात काम कसे चालते

आपला राष्ट्रपती खासदार-आमदार निवडतात, त्यामुळे त्या पदासाठी गल्लीबोळात प्रचार होत नाही. अमेरिकेत राज्यनिहाय ५३८ निर्वाचक असतात आणि २७० चा आकडा गाठावा लागतो. बहुतेक राज्यांचा कल आधीच ठाऊक असतो. म्हणून सगळा जोर चुरशीच्या मोजक्या राज्यांवर असतो आणि न्यू यॉर्कचे स्वयंसेवक बसने शेजारच्या पेनसिल्व्हेनियात जाऊन दारे ठोठावतात.

कार्यालयात पगारी माणसे थोडी असतात. नवा माणूस आला की त्याचे नाव, फोन आणि तो कोणत्या दिवशी किती तास देणार हे लिहून घेतात. थोडा वेळ शिकवतात, सराव करून घेतात आणि यादी देऊन साधारण तीन तासांच्या पाळीवर पाठवतात. पूर्वी ही यादी कागदावर असे, आता ती मोबाइलच्या ॲपमध्ये असते. कोणते दार ठोठावायचे, आत कोण राहते, त्याने मागच्या निवडणुकांत मतदान केले होते का, हे त्यात असते. मत कुणाला दिले हे गुप्त असते, पण मत दिले की नाही ही नोंद तिथल्या बहुतेक राज्यांत उपलब्ध असते. स्वयंसेवक बोलून आला की प्रत्येक दारापुढे खूण करतो: पक्का आपला, आपल्याकडे झुकलेला, कुंपणावरचा, विरोधी. शेवटच्या चार दिवसांत वाद घालणे थांबते. फक्त आपल्या मतदाराला विचारायचे, किती वाजता जाणार, कसे जाणार, सोबत कोण आहे.

ज्याने दोन-चार पाळ्या नीट केल्या, त्याला पुढची जबाबदारी मिळते. तो इतरांना शिकवतो, मोहल्ल्याची तुकडी सांभाळतो. भाषण येते की नाही, घराणे कोणते, पुढाऱ्याच्या गाडीत बसतो का, हे कुणी विचारत नाही. ही बाजू आपण मोकळ्या मनाने शिकण्यासारखी आहे. आपल्याकडे पाच वर्षे राबलेल्या मुलीला मंचावर फक्त पुष्पगुच्छ देण्यासाठी बोलावले जाते, हे आपण सगळ्यांनीच पाहिले आहे.

दार ठोठावल्याने काय होते

यावर तिथे बराच अभ्यास झाला आहे. ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या राज्यशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये न्यू हेवन शहरात सुमारे तीस हजार मतदारांवर प्रयोग केला. ज्यांना कुणीतरी प्रत्यक्ष भेटले, त्यांच्यातले मतदान लक्षणीय वाढले. फोनचा परिणाम जवळजवळ दिसला नाही. पुढे २०१८ मध्ये जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी ४९ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. सार्वत्रिक निवडणुकीत प्रचारकाच्या भेटीने, फोनने किंवा पत्रकाने मतदाराची पसंती बदलण्याचा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास आहे, असे त्यांना आढळले.

दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होते. घरी गेल्याने माणूस मतदानाला बाहेर पडतो, पण शेवटच्या महिन्यात आलेल्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून तो आपले मत बदलत नाही. ते वर्षानुवर्षांच्या ओळखीतून, घरातल्या आणि कामावरच्या बोलण्यातून बनते. २०२४ मध्ये हेच दिसले. २०२० च्या तुलनेत देशभर मते ट्रम्प यांच्याकडे जितकी सरकली, त्यापेक्षा चुरशीच्या राज्यांत ती कमी सरकली. म्हणजे तिथल्या प्रचाराने काही प्रमाणात बांध घातला असावा. पण महागाईने वैतागलेल्या माणसाचे मन तीन मिनिटांच्या भेटीत वळले नाही. ट्रम्प यांच्या बाजूने घरोघर फिरण्याचे बरेचसे काम इलॉन मस्क यांच्या पैशावर चालणाऱ्या गटासह बाहेरच्या गटांनी पगारी माणसे लावून केले. त्या कामाच्या दर्जाबद्दल प्रश्न विचारले गेले, तरी निकाल त्यांच्याच बाजूने लागला. घरोघरच्या कामाची ताकद किती आणि मर्यादा किती, हे यातून समजते.

ही पद्धत आली कुठून

दारोदार जाण्याची ही रीत कोणत्याही पक्षाच्या मुख्यालयात जन्मलेली नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करण्यासाठी सातशेहून अधिक स्वयंसेवक गेले, त्यांत बहुतेक उत्तरेकडचे विद्यार्थी होते. मोहिमेच्या सुरुवातीलाच, २१ जूनला, जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकल श्वेर्नर या तीन कार्यकर्त्यांचा खून झाला. तरी काम थांबले नाही. सुमारे १७ हजार लोकांनी नोंदणीचा प्रयत्न केला. स्वीकारले गेले जेमतेम १,६००. पण त्याच उन्हाळ्यात चाळीसहून अधिक स्वातंत्र्य शाळा चालल्या आणि स्थानिक माणसे नेतृत्व करू लागली. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, मताधिकार कायदा झाला.

त्या स्थानिक नेतृत्वात फॅनी लू हॅमर होत्या. त्या मळ्यावर राबणाऱ्या. १९६२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या म्हणून मालकाने त्यांना मळ्यावरून हाकलले. १९६४ हे राष्ट्राध्यक्ष निवडणुकीचे वर्ष होते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात मिसिसिपीतून फक्त गोऱ्यांचे प्रतिनिधी मंडळ आले होते. हॅमर आणि त्यांच्या साथींनी वेगळा पक्ष स्थापून त्या मंडळाला आव्हान दिले. पक्षाने तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या. त्यांनी त्या नाकारल्या. त्यांच्यामागे स्वतःची माणसे आणि स्वतःची संघटना होती, म्हणून हा नकार देता आला. गावातून हाकलले जाणे आणि दोन जागांची तडजोड, या दोन्ही गोष्टी आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या मोहिमेत हार्वर्ड सोडून आलेला एक विद्यार्थी होता, मार्शल गॅन्झ. पुढे त्याने सोळा वर्षे शेतमजुरांच्या संघटनेत काम केले आणि २००८ मध्ये बराक ओबामा यांच्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाची रचना उभी करण्यात मोठा वाटा उचलला. शेतमजुरांच्या घरगुती बैठका, माणसाने स्वतःची गोष्ट सांगणे, छोट्या तुकड्या, हे सगळे तिथून प्रचारात आले. ओबामांची सातशेहून अधिक कार्यालये होती आणि ते जिंकले.

मग काय झाले? प्रचाराकडे सुमारे १ कोटी ३० लाख लोकांचे ई-मेल पत्ते जमले होते. जानेवारी २००९ मध्ये ही सगळी रचना पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या ताब्यात गेली. गल्लीत तयार झालेल्या तुकड्यांकडे स्वतःचा पैसा नव्हता, यादी नव्हती, निर्णयाचा अधिकार नव्हता. वरून आलेला संदेश पुढे पाठवणे एवढेच काम उरले. २०१० च्या मध्यावधी निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधीगृहातल्या ६३ जागा गमावल्या. त्याला इतरही कारणे होती. पण दोन वर्षांपूर्वीचे ते लाखो स्वयंसेवक तेव्हा संघटित नव्हते, हे त्यातले एक महत्त्वाचे कारण होते.

आपल्या माणसांना काय मिळाले

अमेरिकेतल्या आंबेडकरी कार्यकर्त्यांचा अनुभव याच दिशेने बोट दाखवतो. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने जातीय भेदभावावर बंदी घातली. नगरसेविका क्षमा सावंत यांनी मांडलेला ठराव ६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. त्याच वर्षी फ्रेस्नो शहरानेही तसा निर्णय घेतला. शहराच्या सभागृहात आंबेडकरी कार्यकर्ते, कामगार आणि इतर समाजांतले मित्र स्वतः साक्ष द्यायला उभे राहिले होते.

कॅलिफोर्नियात राज्य पातळीवर आयशा वहाब यांनी आणलेले एसबी ४०३ हे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. न्यूसम डेमोक्रॅटिक पक्षाचे. आपले बहुतेक तरुण ज्या पक्षाला आपला मानतात, त्याच पक्षाचे.

राष्ट्राध्यक्षांच्या प्रचार कार्यालयात भारतीय म्हणून आपले स्वागत होते. पण तिथे बोलायचे वाक्य आधीच लिहून दिलेले असते आणि त्यात जात हा शब्द नसतो. शहराच्या निवडणुकीत मतदार थोडे असतात, नगरसेवक ओळखीचा असतो आणि शंभर माणसांचे संघटित काम त्याला दिसते. म्हणून अमेरिकेतल्या आपल्या मित्र-मैत्रिणींना आम्ही सांगू, राष्ट्राध्यक्षाच्या प्रचारात जरूर जा, शिका. पण तिथे शिकलेले कौशल्य शहराच्या सभागृहापर्यंत घेऊन जा.

इकडचा हिशेब

महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभेला संविधानाचा मुद्दा वस्तीवस्तीत पोहोचला. तो पोहोचवणाऱ्यांत बौद्ध तरुण-तरुणी पुढे होत्या, बऱ्याच ठिकाणी कुणी न सांगता. महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या. पाच-सहा महिन्यांत विधानसभा झाली आणि महायुतीने २८८ पैकी २३० हून अधिक जागा जिंकल्या. या उलथापालथीची कारणे अनेक आहेत आणि त्यावर लिहिलेही गेले आहे. वस्तीत काम करताना आम्हाला दिसले ते एवढेच, की लोकसभेनंतर ती मुले एकत्र बसली नाहीत. कुणी बोलावले नाही आणि त्यांनीही कुणाची वाट न पाहता बैठक घेतली नाही. रमाई आवासचा रखडलेला हप्ता, शिष्यवृत्तीचा अर्ज, नळाचे पाणी, यांसाठी लोक पुन्हा एकेकटे दलालाकडे गेले.

मान्यवर कांशीराम यांनी उलटा क्रम लावला होता. पुण्यात नोकरी करताना सुरू झालेल्या कामातून १९७८ मध्ये कर्मचाऱ्यांची बामसेफ, १९८१ मध्ये डीएस-फोर आणि त्यानंतर १४ एप्रिल १९८४ ला बहुजन समाज पक्ष. आधी माणसे, मग निवडणूक. त्या पक्षाचे आजचे दिवस कसेही असोत, हा क्रम विसरण्यासारखा नाही.

कार्यालयात पाऊल ठेवण्यापूर्वी

प्रचाराला जाऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. मताचा अधिकार बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढच्या १९१९ च्या साक्षीपासून मागितला. तो वापरायला लोकांना घराबाहेर काढणे हे चळवळीचेच काम आहे. फक्त जाण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत, मग पक्ष कोणताही असो.

पहिला, यादी कुणाकडे राहणार? वस्तीत फिरून जमवलेली माहिती उमेदवाराच्या फोनमध्ये जाते आणि आपल्याकडे काहीच उरत नाही. अठरा पूर्ण झालेली मुले, यादीतून नाव गळालेली माणसे, कामासाठी बाहेरगावी गेलेली कुटुंबे, यांची वही लोकांना विचारून, त्यांच्या संमतीने वस्तीच्या मंडळाने ठेवावी. ती कुणालाही विकू नये.

दुसरा, आम्हाला शिकवणार काय? सहा नंबरचा अर्ज भरणे, मतदार यादी तपासणे, मतदान प्रतिनिधी म्हणून केंद्रात बसणे आणि लोकसभा-विधानसभेला मतदान संपल्यावर १७-सी नमुन्याची प्रत मागून घेणे, हे ज्याला येते तो पुढच्या वेळी कुणाचा मिंधा राहत नाही.

तिसरा, मुलींना कोणते काम? रांगोळी आणि औक्षण एवढेच असेल तर त्या कार्यालयात आपल्या बहिणींनी का जावे? घराच्या आत जाऊन बोलण्याचे काम त्याच सर्वांत चांगले करतात. मग तुकडीचे नेतृत्वही त्यांच्याकडे हवे.

चौथा, निकालानंतरच्या रविवारी बैठक कुठे? ही तारीख प्रचार सुरू होण्याआधी विहाराच्या फलकावर लिहावी. उमेदवार जिंको वा हरो, त्या दिवशी सगळ्यांनी बसायचे, कोणत्या गल्लीत मतदान कमी झाले ते पाहायचे आणि वस्तीचे एक काम हातात घ्यायचे. उमेदवार जिंकला असेल तर त्याला त्या बैठकीला बोलवायचे आणि समोर खाली बसवायचे. सतरंजी त्या दिवशीही आपणच अंथरू, पण बैठक आपली असेल.

जय भीम!