साठी झाली म्हणून बुद्धी नाठी होत नाही



गेल्या पौर्णिमेला वंदना आटोपून विहाराच्या पायऱ्या उतरत होतो, तेव्हा वस्तीतल्या एका भगिनीने मला थांबवले. डोळ्यांत पाणी होते. म्हणाली, "दादा, सासूबाई चहा घेतात आणि दहा मिनिटांनी शेजारी जाऊन सांगतात, सुनेनं चहासुद्धा दिला नाही. मलाच विचारतात, तू कुणाची गं? नणंद म्हणते, बाहेरचं काहीतरी आहे, उतारा टाका. धनी म्हणतात, म्हातारचळ लागलाय, लक्ष देऊ नको. पण त्रिशरण, पंचशील त्यांना सगळं तोंडपाठ येतं, एक शब्द चुकत नाही. मग त्या ढोंग करतात का हो?"

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालेला कारकून आहे, दिवसभर फायली आणि व्हाउचरांत असतो. पण हा प्रश्न माझ्या स्वतःच्या घरात येऊन बसला आहे. त्यामुळे गेले वर्षभर या विषयावर मिळेल ते वाचले, समजेल तिथे थांबून डॉक्टरांना विचारले. त्या भगिनीला पायरीवर जे नीट सांगता आले नाही, ते आज लिहितो.

पहिली गोष्ट. सासूबाई ढोंग करत नाहीत.

१९०१ साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या इस्पितळात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला स्वतःचे नाव लिहिता येईना, नवऱ्यावर नाही नाही ते संशय घेई. अलॉइस अल्झायमर नावाच्या डॉक्टरने तिच्याशी झालेली बोलणी टिपून ठेवली. १९०६ साली ती वारली, तेव्हा त्याने तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर डाग साचलेले आणि पेशींच्या आत दोऱ्यांचे गुंते झालेले त्याला दिसले. त्याच्याच नावाने हा आजार ओळखला जातो. करणी नाही, बाहेरचे नाही, सुनेच्या हातचे तर नाहीच नाही! शंभराहून अधिक वर्षांपूर्वी काचेवर ठेवून पाहिलेली गोष्ट आहे ही.

अडचण एवढीच की हे सारे माणूस गेल्यावर दिसायचे. जिवंत माणसाच्या कवटीत डोकावणार कसे? १९७१ साली लंडनमध्ये सीटी स्कॅनच्या यंत्रात पहिला रुग्ण गेला. त्यात मेंदूचा आकार दिसू लागला. पुढे एमआरआय आला आणि मेंदूचा एकेक कोपरा मोजता येऊ लागला. तेव्हा कळले की अल्झायमरमध्ये सगळा मेंदू एकदम खराब होत नाही. कानाच्या पातळीवर, आत खोल, दोन्ही बाजूंना एकेक छोटा भाग असतो. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात, म्हणजे समुद्रघोडा, कारण तो दिसतो तसा. आज सकाळी काय घडले, कोण आले, काय खाल्ले, ही ताजी नोंद आधी इथे होते. उतारवयात हा भाग सगळ्यांचाच थोडा थोडा आकसतो, तुमचा आणि माझाही. अल्झायमरमध्ये तो फार भराभर आकसतो आणि बहुधा सर्वांच्या आधी.

आता पंचशीलाचे कोडे सुटते पाहा. आमच्या ऑफिसात आवक-नोंदवही असते. आलेला कागद आधी तिच्यात चढतो, मग रेकॉर्डला जातो. आवक-नोंदवही भिजून गेली तरी रेकॉर्ड रूममधल्या जुन्या फायली बराच काळ शाबूत राहतात. सासूबाईंचे पंचशील पन्नास वर्षांपूर्वीच्या फायलीतले आहे. चहा मात्र आजचा, त्याची नोंदच झाली नाही. त्यांच्या दृष्टीने चहा मिळालेलाच नसतो. त्या खोटे बोलत नाहीत आणि सूनही खोटे बोलत नाही. हे त्या घरातल्या नणंदेने वाचावे अशी माझी इच्छा आहे.

पुढची पायरी पेट स्कॅनची. आपल्या वजनाच्या मानाने मेंदू अगदी लहान, शंभरातला दोन हिस्सा. पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी वीस टक्के एकटा खातो. किंचित किरणोत्सर्गी केलेली साखर टोचून पेट स्कॅन काढला की कोणता भाग किती साखर खातो ते दिसते. अल्झायमरमध्ये कानामागचे, डोक्याच्या मागच्या बाजूचे काही भाग कमी खाऊ लागतात. पण अल्झायमरने पाहिलेले ते डाग अजून दिसत नव्हते. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठात विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी थायोफ्लेविन हा पिवळा रंग घेतला. हा रंग डागांना चिकटतो हे ठाऊक होते. मूळचा कापड रंगवण्याचा रंग बरे का! गिरणगावात वाढलेल्यांना याची गंमत वाटेल. त्यात फेरफार करून त्यांनी मेंदूत पोहोचणारे औषध बनवले, आणि २००२ साली स्वीडनमध्ये उप्साला येथे जिवंत माणसाच्या मेंदूतले डाग पहिल्यांदा पडद्यावर दिसले. २००४ साली १६ रुग्ण आणि ९ निरोगी माणसे यांचा अभ्यास छापून आला.

इथून खरी गोष्ट सुरू होते. स्कॅन वाढत गेले तसे एक विचित्र सत्य समोर आले. ज्यांची स्मृती ठणठणीत आहे, हिशेब चोख आहे, अशा म्हाताऱ्या माणसांपैकीही साधारण चार-पाचांत एकाच्या मेंदूत ते डाग सापडले. डाग आहेत, पण विसर नाही! म्हणजे फोटोतला मेंदू आणि घरात वावरणारा माणूस यांचा हिशेब सरळ जुळत नाही. मधे काहीतरी आहे, जे मार झेलते.

याचा धागा आधीच एकाला सापडला होता. १९९२ साली याकोव्ह स्टर्न यांनी सारखाच आजार दिसणाऱ्या रुग्णांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. जास्त शिकलेल्यांच्या मेंदूत रक्तप्रवाह अधिक घटलेला निघाला. आत आजार पुढे गेला होता, तरी बाहेरून ते कमी शिकलेल्यांइतकेच सावरून होते. शिक्षणाने मेंदूत जणू शिल्लक ठेवली होती, आणि अडचणीच्या काळात ती खर्ची पडत होती. (शिल्लक संपली की घसरण मात्र वेगाने होते, हेही खरे.) हे काम झाले न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. होय, १९१३ साली बाबासाहेब जिथे शिकायला गेले तेच. ते वाचताना माझ्या अंगावर शहारा आला. पण लगेच दुसरा विचार आला आणि पोटात गोळा उठला. मग माझ्या आईचे काय?

माझी आई शाळेची पायरी चढली नाही. तिला चढू दिली नाही म्हणा. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात दुष्काळी कामावर खडी फोडली, मग मुंबईला आली आणि गुजराती लोकांच्या घरी तीस वर्षे धुणीभांडी केली. दोन वर्षांपूर्वी ती गॅस चालू ठेवून विसरू लागली. एका मोठ्या इस्पितळाच्या ओपीडीत तिला नेले. तरुण डॉक्टर. बाहेर दोनशे माणसे. त्याने विचारले, आज तारीख कोणती? शंभरातून सात वजा करा, पुन्हा सात वजा करा. मग कागद-पेन्सिल पुढे केली, घड्याळ काढा. आयुष्यात पेन्सिल धरली नाही त्या हाताने काय काढायचे? त्याने केसपेपरवर गुण मांडले, निम्म्याहून कमी. आई घरी येईपर्यंत गप्प होती. रात्री म्हणाली, "लेका, ह्या वयात मला नापास कराया नेलतंस व्हय?"

त्या डॉक्टराला मी वाईट म्हणत नाही. परीक्षा शिकलेल्यांसाठी बनवलेली होती, ती त्याने न शिकलेल्या बाईला लावली. हरियाणात बल्लभगड भागात काम करणाऱ्या संशोधकांनी १९९५ सालीच निरक्षर वृद्धांसाठी हिंदीतून वेगळी प्रश्नावली तयार करून छापली आहे. म्हणजे असे करता येते. तेव्हा आपल्या आईबापांना नेताना आधीच सांगा, "डॉक्टर, यांना लिहिता-वाचता येत नाही, त्याप्रमाणे विचारा." आणि आपण घरात काय पाहिले ते सांगा. सहा महिन्यांपूर्वी करत होती आणि आता जमत नाही, असे काय आहे? हे उत्तर वजाबाकीपेक्षा मोलाचे असते.

पोटातला गोळा थोडा हलका झाला तो हैदराबादमुळे. तिथल्या निझाम इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची माहिती २०१३ साली प्रसिद्ध केली. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार साडेचार वर्षे उशिरा दिसला होता. आणि मुख्य म्हणजे हा फरक निरक्षरांमध्येही होता! इतर देशांतल्या सगळ्याच अभ्यासांत असे आढळलेले नाही, म्हणून मी याची हमी देत नाही. पण माझी आई मराठी, हिंदी आणि गुजराती तिन्ही बोलते. चार घरांचे खाडे, उचल आणि बाकी महिनोन् महिने डोक्यात ठेवायची, मालकिणीच्या वहीतली चूक तोंडी काढायची. शाळेने दिली नाही ती शिल्लक तिने कामावर जमवली नसेल कशावरून?

लंडनच्या टॅक्सीवाल्यांचेही असेच. तिथे परवान्यासाठी सुमारे पंचवीस हजार रस्ते पाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली १६ टॅक्सीवाल्यांचे एमआरआय छापले. त्यांच्या समुद्रघोड्याचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा होता. टॅक्सी चालवली की अल्झायमर होत नाही, असे यातून कुणी समजू नये. वापराने मेंदू बदलतो, एवढेच यातून कळते. आणि म्हातारपणीसुद्धा बदलतो. २०११ साली अमेरिकेत १२० वृद्धांवर प्रयोग झाला. निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटे चालायचे, निम्म्यांनी नुसते हातपाय ताणायचे. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस दोन टक्के वाढला, दुसऱ्यांचा घटला.

आईचे पुढे काय झाले ते सांगतो. दुसऱ्या डॉक्टरीण बाईंनी साधा सीटी स्कॅन करायला लावला. त्यात दोन बारीक जुने झटके दिसले, आम्हाला कधी कळलेही नव्हते. बाईंनी पहिला प्रश्न केला, "बीपीची गोळी चालू आहे ना?" गोळ्या संपून दोन महिने झाले होते. बरे वाटते म्हणून आईने आणायला सांगितल्या नाहीत आणि वस्तीभर सगळ्यांचे अर्ज लिहीत फिरणाऱ्या मी विचारले नाही. अमेरिकेत ६७८ ख्रिस्ती जोगिणींनी मृत्यूनंतर आपले मेंदू संशोधनाला देऊ केले होते. त्या अभ्यासात १९९७ साली दिसले की अल्झायमरचे डाग असूनही ज्यांना असे बारीक झटके आले नव्हते त्यांच्यातल्या कितीतरी शहाण्यासुरत्या राहिल्या. झटक्यांची भर पडलेल्या मात्र बहुतेक ढासळल्या. बीपीची गोळी ही मेंदूचीही गोळी आहे, हे मला तेव्हा समजले. दोन महिन्यांचा हिशेब माझ्याकडे आहे, तो आईला सांगण्याचे धैर्य अजून झालेले नाही.

विसर पडू लागला की लगेच पेट स्कॅनच्या मागे कर्ज काढून धावू नका. थायरॉइड आणि बी-१२ च्या रक्ततपासण्या, बीपी, साखर, कानाने ऐकू येते का, मन खचले आहे का, हे आधी पाहायचे. यांतल्या काहींवर उपाय झाला की विसर कमीही होतो. डागांचा स्कॅन महाग आहे आणि तो केल्याने दर वेळी उपचार बदलतोच असे नाही. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेत या डागांचा अंदाज देणाऱ्या पहिल्या रक्ततपासणीला मान्यता मिळाली. ती आपल्या ओपीडीपर्यंत कधी आणि किती पैशांत येते, यावर मी लक्ष ठेवून आहे.

त्या भगिनीच्या सासूबाईंना येत्या सोमवारी ओपीडीत न्यायचे ठरले आहे. नणंदबाईही बरोबर यायला कबूल झाल्या आहेत. कुणाला आपल्या घरच्यांना आणायचे असल्यास रविवारच्या वंदनेला मला भेटा, केसपेपरसाठी सकाळी सातला रांगेत उभे राहावे लागते. जुने कागद आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणा. रिकामी असली तरी आणा.