घराण्याचे दुखणे लपवू नका

एखाद्या घराबद्दल गावात बोलले जाते, “त्यांच्यात पोटाच्या दुखण्याने माणसे अकाली जातात.” कुणी शाप म्हणतो, कुणी करणी. पण मोठ्या आतड्याचा कर्करोग काही घराण्यांतून खरोखरच खाली उतरतो, आणि त्याचे मूळ रक्ताच्या नात्यात असते, भाऊबंदांच्या वैरात नव्हे.

हा कर्करोग झालेल्या शंभरांपैकी पाच-दहा जणांतच तो आईबापांकडून आलेल्या सदोष जनुकामुळे होतो. नेहमी आढळणाऱ्या प्रकाराला लिंच सिंड्रोम म्हणतात. आई किंवा वडील, एकाकडे जरी दोष असला तरी प्रत्येक मुलाला वा मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी. ज्याला मिळाला नाही, त्याच्याकडून तो पुढे जात नाही. या घराण्यांतील बायकांना गर्भाशयाचा कर्करोगही होतो.

1895 साली अमेरिकेतील मिशिगनमध्ये एका शिवणकाम करणाऱ्या बाईने डॉ. वॉर्थिन यांना सांगितले, की आपल्या घरची माणसे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, आपलेही तसेच होणार. तसेच झाले. डॉक्टरांनी तिचे बोलणे मनावर घेऊन वंशावळ मांडली, म्हणून या आजाराचा माग लागला.

आपल्याकडे ही वंशावळ जुळवणे जरा अवघड. निम्मे घर गावी, निम्मे मुंबईच्या उपनगरांत. गावी वारलेल्या आजोबांना काय झाले होते हे मुलुंडच्या नातवाला ठाऊक नसते, आणि बोरिवलीच्या आत्याचे ऑपरेशन कशाचे झाले हे गावात कुणी विचारत नाही. माहेरकडची माणसे तर हिशेबातच धरत नाहीत. शिवाय पोरीबाळींच्या सोयरिकी अडतील म्हणून आजाराचे नावच घ्यायचे नाही! लग्न जमेल, पण नवऱ्याला तिशीत रक्त पडू लागले की तो मूळव्याध समजून झाडपाला घेत बसेल.

तेव्हा दिवाळीला सगळे जमतील तेव्हा वही काढा. कुणाला कोणता कर्करोग, कोणत्या वयात, एवढेच लिहा. एकाच बाजूच्या दोघा-तिघांना झालेला असेल, किंवा कुणाला पन्नाशीच्या आत झाला असेल, तर ती वही डॉक्टरांना दाखवा. परळच्या टाटा रुग्णालयात आनुवंशिक कर्करोगाचा सल्ला मिळतो. घाटकोपर-मुलुंडच्या पाहुण्यांकडे उतरून लोकलने जाता येते. पेशंटचे जुने रिपोर्ट बरोबर न्या. शक्यतो आजारी माणसाचेच रक्त आधी तपासतात. त्यात दोष सापडला तर मग भावंडांचे व मोठ्या मुलांचे.

दोष निघालेल्यांची साधारण पंचविशीपासून वर्षा-दोन वर्षांनी गुदद्वारातून दुर्बीण घालून आतड्याची तपासणी करतात. आत लहान कोंब दिसला तर तो त्याच वेळी काढता येतो, कर्करोग होण्याआधीच. आदल्या दिवशी जुलाबाचे औषध घेऊन पोट साफ करावे लागते. त्रास काय तो तेवढाच.