डुकरांवरून पेटलेले भांडण



आपला सगळा माल एकाच व्यापाऱ्याच्या दारात जात असेल, तर भाव कोण ठरवतो, हे तुम्हांला सांगायला नको. पण अख्ख्या देशाची अशी गत झाली तर? युरोपात तसे एकदा घडले. इतिहासात त्याला ‘डुकरांची लढाई’ म्हणतात.

सर्बिया हा लहानसा, शेतकऱ्यांचा देश. त्या वेळी त्याला समुद्रकिनारा नव्हता. डुकरे पाळायची, गुरे पोसायची, आलुबुखार वाळवायचे आणि विकायचे, यावर घरे चालत. मोठे गिऱ्हाईक मात्र एकच, शेजारचे बलाढ्य ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य.

१९०३ साली सर्बियाच्या गादीवर नवे घराणे आले आणि देश आपल्या मताने चालू लागला. १९०५ साली त्याने बल्गेरियाशी जकातीचा करार केला. तोफाही साम्राज्यातल्या स्कोडा कारखान्याऐवजी फ्रान्सकडून घ्यायचे घाटू लागले. व्हिएन्नाच्या दरबाराला हे रुचले नाही. हंगेरीतल्या बड्या जमीनदारांना तर बाहेरचा स्वस्त माल नकोच होता. १९०६ साली सर्बियाच्या जनावरांना सरहद्द बंद झाली. नाक दाबले की तोंड उघडते, असा हिशेब होता.

विक्रीला आलेले जनावर थांबत नाही, रोज खायला मागते. तेव्हा पहिली झळ कोणाला लागली असेल, ते तुम्हीच ओळखा. तरी सर्बिया वाकला नाही. त्याने कत्तलखाने उभारले, मांस टिकवून विकायला सुरुवात केली. तुर्कांच्या ताब्यातल्या सालोनिका बंदरातून माल दूरदेशी धाडला. जर्मनीतही गिऱ्हाईक शोधले. तोफा अखेर फ्रान्सच्याच घेतल्या.

व्यापाराचा तंटा १९१०-११ च्या सुमारास नव्या कराराने मिटला, पण मनातली अढी गेली नाही. मधल्या काळात, १९०८ साली, साम्राज्याने बॉस्निया आपल्या राज्याला जोडला होता. तिथे सर्ब वस्ती मोठी. सर्बिया चिडला, पण पाठीराखा रशिया जपानकडून हरून थकलेला. १९०९ साली सर्बियाला निमूट मान तुकवावी लागली.

पुढे २८ जून १९१४ रोजी बॉस्नियातल्या साराजेव्हो शहरात एका सर्ब तरुणाने साम्राज्याच्या युवराजाला गोळी घातली. २८ जुलैला सर्बियावर युद्ध पुकारले गेले. आठवड्याभरात जर्मनी, रशिया, फ्रान्स, इंग्लंड सारे त्यात ओढले गेले.

महायुद्ध डुकरांमुळे झाले, असे कोणी म्हणू नये. शस्त्रांची चढाओढ होती, वसाहतींचा लोभ होता, एकमेकांना दिलेली वचने होती. पण वैराच्या वाळल्या कडब्यात ही एक पेंढी होतीच.

त्या आगीची धग आपल्यापर्यंतही आली. इंग्रजांचे राज्य, म्हणून आपली माणसेही लढाईत गेली. तुर्कस्तान शत्रूच्या बाजूने उतरल्यावर पुण्याची डिव्हिजन इराकात पाठवली गेली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. कुत येथे वेढ्यात सापडून, उपासमार सोसून, एप्रिल १९१६ मध्ये त्या फौजेला शरण जावे लागले. त्यांतल्या किती जणांना सर्बिया कुठे आहे, हे ठाऊक असेल?

तेव्हा मंडळी, कुठे सरहद्द बंद झाली, कुठे जकात वाढली, अशी बातमी आली की ती नुसती बाजारभावाची समजून सोडून देऊ नका. विकत घेणे थांबवून शेजाऱ्याला वाकवता येते, असे बलवानाला नेहमीच वाटते. शेजारी दुसरा बाजार शोधतो, पण झालेला अपमान विसरत नाही.