मानशीचा दरवाजा कोणी उघडला?

समुद्रात राहणाऱ्या सस्तन प्राण्यांना संसर्गजन्य त्वचारोग होतात आणि त्यावर एखाद्या दैनिकाने अग्रलेख लिहावा, हे पाहून आमच्या काही वाचकांच्या चेहऱ्यावर स्मित उमटल्याखेरीज राहणार नाही. रस्ते उखडलेले, नळ कोरडे, आणि संपादकांना डॉल्फिनच्या कातडीची चिंता! परंतु ज्या प्रदेशात सिकेरीपासून पाळोळ्यापर्यंत डॉल्फिन दाखविण्याच्या फेऱ्यांवर अनेक होडीवाल्यांची चूल पेटते, त्या प्रदेशात तरी हा विषय अगदीच गैरलागू ठरू नये. शिवाय या रोगाची कुळकथा अशी आहे की, ती खाजनांचा आणि बांधांचा वारसा सांगणाऱ्या गोमंतकीयाला इतर कोणाहीपेक्षा लवकर उमजावी.

ही कथा ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावर, गिप्सलँड सरोवरांत सुरू होते. समुद्राला एका मुखाने जोडलेली ही सरोवरे तेथील डॉल्फिनांचे वंशपरंपरागत घर. 2006 च्या अखेरीपासून त्या मुलखात प्रचंड वणवे पेटले, डोंगर बोडके झाले आणि 2007 च्या जूनमध्ये त्या बोडक्या डोंगरांवर मुसळधार पाऊस कोसळला. पाणी धरून ठेवायला झाडोरा उरला नव्हता. सारा पूर गाळासकट सरोवरांत उतरला आणि खारे पाणी पाहता पाहता गोडे झाले. त्यानंतर डॉल्फिनांच्या अंगावर प्रथम फिकट डाग, मग उंचवटे, मग वर्तुळाकार व्रण दिसू लागले. त्या व्रणांवर बुरशी, जिवाणू आणि शैवाल यांचे पिवळे, हिरवे, नारिंगी थर चढले. काही प्राण्यांचे सत्तर टक्क्यांपर्यंत अंग व्रणांनी व्यापले होते. 2009 मध्ये पर्थ शहराजवळच्या स्वान नदीच्या खाडीतही असेच घडले. कॅलिफोर्नियातील मरीन मॅमल सेंटर आणि ऑस्ट्रेलियातील मर्डोक विद्यापीठ येथील संशोधकांनी या रोगाची रीतसर व्याख्या केली ती 2020 च्या डिसेंबरमध्ये. मनुष्याचे अंग खोलवर भाजावे तशी ही जखम, असे त्यांनी म्हटले.

येथे थोडे थांबून डॉल्फिनच्या त्वचेविषयी सांगितले पाहिजे. तिच्यावर खवले नाहीत, केस नाहीत. तिचा सर्वांत बाहेरचा थर दर दोन तासांनी नवा होतो, म्हणजे दिवसाला बारा वेळा हा प्राणी कात टाकतो म्हणा ना. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत सुमारे पस्तीस भाग क्षार असतात आणि त्या प्रमाणावरच या त्वचेचा सारा संसार बेतलेला असतो. तोच प्राणी आठवडेच्या आठवडे गोड्या पाण्यात अडकला की पेशींमध्ये पाणी शिरते, त्या फुगतात, फुटतात. आतले क्षार बाहेर झिरपतात आणि रक्तातील क्षारांचा तोल ढळतो. तट फुटला की शत्रूला निमंत्रण लागत नाही. बुरशी आणि जिवाणू आत शिरतात ते या खिंडारातून. संसर्ग खरा, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा गुन्हेगार आहे.

सर्वच त्वचारोग असे नव्हेत, हेही नमूद केले पाहिजे. देवीच्या विषाणूच्या कुळातला एक विषाणू डॉल्फिनच्या अंगावर गोंदणासारखे डाग उमटवतो. तो बहुधा पिलांना होतो आणि ओसरतो. मात्र प्रौढांत तो फार दिसू लागला की कळपाची प्रकृती ठीक नाही असे जाणकार समजतात. याहून चिवट रोग म्हणजे लोबोमायकोसिस. 1930 च्या सुमारास ब्राझीलच्या रेसिफे शहरात जोर्जे लोबो या वैद्याने तो प्रथम एका माणसात पाहिला. 1971 मध्ये फ्लोरिडाच्या एका डॉल्फिनमध्ये तशाच कठीण गाठी आढळल्या. माणसाची आणि डॉल्फिनची बुरशी एकच, असे पुढे कित्येक वर्षे मानले गेले. 2021 मध्ये जनुकांच्या अभ्यासावरून दोन्ही वेगळ्या ठरल्या. यातला आम्हांला अधिक बोलका वाटतो तो फ्लोरिडातील इंडियन रिव्हर या खाडीचा दाखला. 2003 आणि 2004 मध्ये तिच्या दक्षिण भागात पकडून तपासलेल्या 30 डॉल्फिनांपैकी 9 जणांना हा रोग होता. त्याच खाडीच्या उत्तर भागात एकालाही नाही! दक्षिण भागात ओकीचोबी सरोवराचे जादा पाणी कालव्यावाटे सोडले जाते. रोगी डॉल्फिनांची प्रतिकारशक्तीही खालावलेली आढळली. एकट्या गोड्या पाण्याला दोषी ठरविण्याइतका पुरावा यात नाही, हे आम्ही जाणतो. पण एकाच खाडीच्या दोन टोकांत एवढा फरक पडावा, याचे कारण बुरशीपेक्षा पाण्यात शोधावेसे वाटते.

पूर आणि वणवा यांना निदान निसर्गाचा कोप म्हणता येते. अमेरिकेतल्या पुढच्या घटनेला तेही म्हणता येत नाही. मिसिसिपी नदीच्या 1927 च्या महापुरानंतर न्यू ऑर्लिन्स शहर वाचविण्यासाठी बॉने कॅरे नावाचा सांडवा बांधण्यात आला. नदी फुगली की दरवाजे उघडायचे आणि पाणी शहराला वळसा घालून एका सरोवरावाटे समुद्राकडे लोटायचे, अशी ती योजना. 2019 मध्ये हे दरवाजे एकाच वर्षात दोनदा उघडावे लागले, असे पूर्वी कधी घडले नव्हते. मिळून 123 दिवस नदीचे गोडे पाणी मिसिसिपीच्या उथळ सागरात वाहत राहिले. कालवांची शेते मेली, किनारे स्नानाला बंद झाले आणि त्या वर्षी मेक्सिको आखाताच्या उत्तर किनाऱ्याला तीनशेहून अधिक डॉल्फिन लागले, बहुतेक मेलेले. अनेकांच्या अंगावर तेच व्रण होते. किनाऱ्यावरील गावे या प्रकरणी लष्करी अभियंत्यांविरुद्ध न्यायालयात गेली.

न्यू ऑर्लिन्सच्या माणसांना बुडू द्यावे असे कोणताही शहाणा मनुष्य म्हणणार नाही, आम्हीही म्हणत नाही. पण दरवाजा कोणाच्या हातात आहे आणि तो उघडताना कोणाचे नुकसान हिशेबात धरले जाते, हा प्रश्न आमच्या मुलखाला नवा नाही. खाजनाची मानस ही काय वस्तू आहे? ओहोटीला आतले पाणी बाहेर जाऊ द्यायचे आणि भरतीला खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही, एवढ्यासाठी लावलेला लाकडी दरवाजा. त्या दरवाजावर गावकरीची नजर असे, कारण चुकीच्या वेळी तो उघडा राहिला तर सबंध गावाचे भात जळे. पुढे मानशीवरच्या मासळीचा लिलाव शेतीपेक्षा किफायतशीर ठरला आणि दरवाजे हवे तेव्हा उघडू लागले, तेव्हा काय झाले हे बार्देश आणि तिसवाडीच्या शेतकऱ्यांना आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. आमच्याकडे खारे पाणी आत शिरले, तिकडे गोडे पाणी बाहेर सुटले. दरवाजामागचा हात मात्र माणसाचाच.

आमच्या किनाऱ्यावरचा डॉल्फिन, ज्याला इंग्रजीत हम्पबॅक म्हणतात तो, उघड्या समुद्राच्या काठाने फिरणारा आहे. पावसाळ्यात मांडवी आणि जुवारी यांच्या मुखांशी पाणी जवळजवळ गोडे होते, पण त्याला समुद्राकडे सरकायला वाट असते आणि हा क्रम त्याच्या पूर्वजांपासूनचा आहे. म्हणून गिप्सलँडची कथा उद्या आग्वादला घडेल अशी हाकाटी आम्ही करणार नाही. तरीही निश्चिंत राहण्याचे कारण नाही. हा प्राणी किनाऱ्यापासून फार दूर जात नाही, त्यामुळे नद्यांमधून जे काही येते ते प्रथम त्याच्या अंगाला लागते. तो जगाच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे आणि आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतही. ओडिशातील चिल्का सरोवराच्या इरावती डॉल्फिनांच्या अंगावर गाठी आढळल्याचे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे भारताच्या पाण्यात त्वचेचे विकार नाहीत असेही नव्हे. चिल्क्याच्या त्या गाठी कशा सापडल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कोणी डॉल्फिन पकडले नाहीत. संशोधकांनी काढलेली पाठीच्या पंखांची छायाचित्रे पुनःपुन्हा तपासली गेली, इतकेच.

आमच्याकडे काय होते? मेलेला डॉल्फिन किनाऱ्याला लागतो तो बहुधा कुजलेल्या अवस्थेत. जीवरक्षक कळवतात, वनखात्याचे लोक येतात, पंचनामा होतो, वाळूत खड्डा खणला जातो. आता कुजण्यात सर्वांत आधी जाते ती त्वचाच, म्हणजे जिच्यावर पुरावा लिहिलेला तीच. शव ताजे असेल तर त्याच दिवशी त्वचेचे नमुने घेणारा पशुवैद्य आणि ते ठेवायला शीतपेटी, एवढा खर्च सरकारला झेपणार नाही असे मानायला आम्ही तयार नाही. शवाला उघड्या हातांनी स्पर्श करू नये, हे मच्छीमारांना आणि हौशी पर्यटकांना सांगायला तर तेवढाही खर्च नाही.

जिवंत प्राण्यांचे म्हणाल, तर हंगामात दररोज शेकडो माणसे भ्रमणध्वनीवर त्यांची चित्रे घेतात आणि ती घरोघर जिरून जातात. होडीवाल्यांना यात सामील करून घेणे कठीण नाही. अडचण निराळीच आहे. जून ते सप्टेंबर या ज्या महिन्यांत खाडीमुखे गोडी होतात, त्याच महिन्यांत पर्यटकांच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. ट्रॉलरही जून आणि जुलैमध्ये बंदीमुळे धक्क्याला असतात. पाण्याचा गुण पालटतो तेव्हा त्या पाण्यातल्या प्राण्यांकडे पाहणारे कोणीच नसते. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या खाड्यांच्या क्षारतेचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. त्या आकड्यांशेजारी डॉल्फिनांच्या त्वचेची नोंद ठेवायची, तर वनखात्याची एक नौका पावसाळ्यातही, दर्या परवानगी देईल त्या दिवशी, आग्वाद आणि मुरगावच्या टापूत फिरली पाहिजे. येत्या पावसाळ्यापूर्वी तिची तरतूद व्हावी.